चार कोपरे

"समुद्र? तो मी सुट्टीच्या दिवशी बघतो. पोरांना घेऊन पिरवाडीला."

आज उरणला मावसभाऊ असं म्हणाला, आणि मी गप्पच झालो. न्हावा-शेव्याच्या धक्क्यावर गँट्री क्रेन, म्हणजे जहाजातले कंटेनर उचलणारी उंच क्रेन, चालवतो तो. मला वाटायचं, इतक्या उंचावरून सगळी खाडी दिसत असेल.

पण त्याच्या पायाखाली काच असते. पुढे वाकून त्यातून कंटेनरचे चार कोपरे शोधायचे. स्प्रेडर, म्हणजे कंटेनर पकडणारी चौकट, नीट बसला, चारही कोपऱ्यांतले लॉक फिरले, दिवा लागला, की मगच उचलायचं. भरलेला डबा तीस टनांपर्यंत जातो. वाऱ्यात झुलायला लागला की जीव मुठीत. "खाली माणसं असतात रे."

हे सांगतानाही त्याची मान पुढेच झुकलेली. चहा पितानासुद्धा. एका हाताने मानेचा मागचा भाग चोळत होता, त्याच्या लक्षातही नव्हतं.

१९८९ पासून हे बंदर चालू आहे. आपल्या घरातली किती सामानं अशा काचेखालून गेली असतील! माल कधी येणार हे आपण रोज विचारतो.

तुमच्या घरात, ओळखीत कुणी क्रेनवर आहे का? त्यांची मान कशी आहे, विचारलंत कधी?