मले शेतात नेऊ नका

रविवार, रात्री

जेवताना आईनं पुन्हा तोच विषय काढला. "मले शेतात नेऊ नका. इथंच अंबाझरीले न्या अन् अग्नी द्या." दादा पुण्याहून फोनवर होता, तो एकदम गप्प. काकाजींच्या कानावर गेलं तर ते मात्र गप्प बसायचे नाहीत.

आम्ही लिंगायत वाणी. आमच्यात जाळत नाहीत. विभूती लावून, इष्टलिंग हातात देऊन, देह बसता करून मातीत ठेवतात. पत्रिकेवरही 'लिंगैक्य' छापतात. ज्यानं हयातभर अंगावर लिंग वागवलं तो लिंगातच मिसळला, मग त्याला आणखी अग्नी कशाला? मला हे लहानपणापासून पटत आलंय. बाबांची समाधी दारव्ह्याकडच्या शेतात निंबाखाली आहे.

आईचा हिशेब वेगळा. शेत मक्त्यानं दिलंय, आज ना उद्या विकलं जाणार. नवा मालक ट्रॅक्टर फिरवताना समाधी सांभाळेल कशावरून? "एकाची चिंता हाये ना, दुसरीची कायले वाढवता?" यावर उत्तर काय देणार!

काल अंबाझरी घाटावर जाऊन आले. बायकांनी घाटावर जाऊ नये म्हणतात, पण आईनंच पाठवलं: "आत्ताच पाहून ये, मंग घाई होते." चितेला साधारण 300 किलो लाकूड लागतं. नागपुरातल्या घाटांवर आता मोक्षकाष्ठही वापरतात. शेतातला काडीकचरा, पऱ्हाटी, तुराट्या दाबून केलेले ते ठोकळे. झाडं वाचतात. घरी येऊन सांगितलं तर आई हसली. "पऱ्हाटीवर जन्मभर सैपाक केला, आता तिच्यावरच जातो म्हणा."

विद्युत किंवा गॅस दाहिनीत दीडेक ते दोन तासांत काम होतं. आत 800 अंशांच्या वर तापतं, म्हणून पेसमेकर आधी काढावा लागतो, नाहीतर बॅटरीचा स्फोट होतो. आईला पेसमेकर आहे. ही गोष्ट तेव्हा रडारडीत कोणाला आठवणार, म्हणून तिच्या फायलीच्या पहिल्या पानावर लाल पेनानं लिहून ठेवली. गुडघ्यात बसवलेला सांधा धातूचा, तो राखेतून वेगळा काढतात. दाहिनीतून उरतं ते बहुतेक हाडांतलं कॅल्शियम फॉस्फेट, 2-3 किलो. मृत्यूची नोंद 21 दिवसांच्या आत करायची, ती तर पुरलं काय नि जाळलं काय, दोन्हीकडे सारखीच.

पुरण्याची रीत काही आमच्या एकट्यांची नाही. इकडे महानुभाव पंथात आहे, गोंडांत आहे, आणि एरवी जाळणारे हिंदूही तान्ह्या बाळाला, संन्याशाला मातीच देतात. उलट ऑफिसातल्या कॅथलिक मैत्रिणीनं सांगितलं की चर्चनं 1963 मध्ये दहनावरची बंदी उठवली. मात्र राख घरात ठेवायची नाही, वाटून घ्यायची नाही, पाण्यात सोडायची नाही, पवित्र जागीच ठेवायची, हे व्हॅटिकननं 2016 मध्ये पुन्हा बजावलं. म्हणजे अग्नी चालेल, पण जागा पाहिजे.

माझंही इथंच अडतंय. मी दर पोळ्याला बाबांच्या समाधीशी बसून येते. तिथं काही मागत नाही, बोलतही नाही, पण जायला ठिकाण आहे. आईचं तसं काही उरणार नाही. लोक अस्थी रामटेकला अंबाळा तलावावर नेतात, तेही चांगलंच, पण पाण्याशी मला बसता येत नाही. हे तिला सांगितलं तर म्हणाली, "तुले बसायले जागा पाहिजे म्हणून मी मातीत जाऊ काय?" खरं आहे. तरी मला वाटतं, या निर्णयात मागे राहणाऱ्यांचंही थोडं ऐकलं जावं. सगळं नाही, थोडं.

इष्टलिंगाचा प्रश्न उरलाच. पुरताना ते सोबत जातं. अग्नीत द्यायचं, की आधी काढून घ्यायचं, की कोणी जपायचं? जंगम स्वामी पुढच्या आठवड्यात येणार आहेत, त्यांनाच विचारू. काकाजींशीही तेव्हाच बोलायचं ठरलंय, स्वामी समोर असले की ते आवाज चढवत नाहीत.

दादाला मी म्हटलं, शेत विकायचं झालं तर बाबांच्या समाधीपुरता तुकडा आणि तिथवरची वाट खरेदीखतात लिहून घे. आईनं लगेच टोकलं, "ते कराच. पण माह्या जाण्याशी ते जोडू नका."