तोरणमाळची 'तांब्याची खाण' आणि दोन फोटो: जाण्याआधी हे वाचा

आधी निकाल सांगतो. तोरणमाळला तांब्याची खाण नाही. 'सातपुड्यातली साहेबाची खाणवस्ती' म्हणून जे दोन जुने फोटो मोबाइलवर फिरताहेत, ते खानदेशातले नाहीत. मी धुळ्याहून निघून दोन दिवस, पाच हजारांच्या वर पैसे आणि एक गुडघा घालवून आलोय. तुमचं तेवढं तरी वाचावं.

पहिल्या फोटोत उभ्या डोंगरउतारावर चार-पाच मजली लाकडी चाळी आहेत आणि मधून लांबलचक पायऱ्या. दुसऱ्यात रस्त्यानं चाललेली मोठी गर्दी, काहींच्या हातांवर पांढऱ्या लहान पेट्या. खाली ओळ होती: 'तोरणमाळ, तांब्याच्या खाणीतला अपघात, १९१३'. साल दिलेलं असलं की माणूस विश्वास ठेवतो. मीही ठेवला. दोन्ही फोटो मोठे छापून घेतले. उतार जुळवायचा, चाळींची जोती शोधायची आणि आज तिथं काय आहे त्याचा फोटो त्याच कोनातून काढायचा, असा बेत होता.

शहाद्यापर्यंत सांगण्यासारखं काही नाही. पुढची जीप मात्र नीट ऐका. शहाद्यात अठराशे ठरले, म्हसावद, राणीपूर करत सात पायरीचा घाट चढून वर पोचलो, आणि तिथं कळलं की अठराशे फक्त जाण्याचे. येण्याचे चौदाशे वेगळे, आणि 'थांबायचे' तीनशे. साडेतीन हजार झाले. भाडं ठरवताना 'जाऊन-येऊन, थांबण्यासकट' हे शब्द स्वतःच्या तोंडानं म्हणा आणि चारचौघांसमोर वदवून घ्या. मी म्हटलो नाही. एवढे पैसे द्यायची खरं तर गरजच नाही, शहाद्याहून वर एसटी जाते. वेळ आदल्या दिवशी स्थानकावर विचारून ठेवा.

वर एक वाटाड्या भेटला. फोटो पाहताच म्हणाला, "ठिकाण माहितेय, सहाशे." पठाराच्या कडेवरून त्यानं जी वाट घेतली ती वाट नव्हतीच. सुरुवातीला कुसळी गवत, मग सरळ घसारा. कातळावर मुरुमाचा थर, धरायला झाड नाही, आणि मार्चचं अकराचं ऊन पाठीवर. उतरायला पावणेदोन तास लागले. तीनदा बसून घसरलो, तिसऱ्या वेळी उजवा गुडघा दगडावर आपटला. तळाशी त्यानं बोट दाखवलं तो रस्त्यासाठी मुरूम काढलेला खड्डा होता. भिंतीवर जेसीबीच्या दातांचे ओरखडे ताजे होते. "खाण हीच," तो म्हणाला. कडेच्या दगडातले हिरवे ठिपके दाखवून "तांब्याचा गंज" असंही म्हणाला. चढून यायला तीन तास गेले. दोन लिटर पाणी निम्म्या चढावरच संपलं. ही उतरंड कुणीही करू नये. चार लिटर पाणी घेऊनही करू नये, कारण खाली बघायला काही नाही.

तो हिरवा रंग तांब्याचा नाही. परतल्यावर भूगोल शिकवणाऱ्या मित्राला दगड दाखवला. आपला हा सगळा डोंगर लाव्हाच्या थरांचा, बेसाल्टचा. त्यातल्या पोकळ्यांत सेलॅडोनाइट नावाचं हिरवं खनिज भरतं, तेच हे. तांब्याच्या खाणी सिंहभूममध्ये, राजस्थानात खेत्रीला, मध्य प्रदेशात मलाजखंडला. आपल्या राज्यात खनिज सापडलंय ते चंद्रपूरकडे. तांब्यासाठी तापीखोऱ्यात फिरायचंच असेल तर शहाद्याजवळच्या प्रकाशा गावाला जा. तिथं १९५४-५५ साली पुरातत्त्व खात्यानं उत्खनन केलं, आणि ताम्रपाषाण काळच्या थरात तांब्याच्या वस्तू निघाल्या. तांबं वापरणारी माणसं इथं होती, पण त्यांचं तांबं इथल्या डोंगरातून खणलेलं नव्हतं.

यशवंत तलाव सुंदर आहे, पळस फुलला होता. एवढं पुरे.

संध्याकाळी तलावाकाठी एक म्हातारे पावरा आदिवासी गृहस्थ बसले होते. त्यांना फोटो दाखवले. पहिला बघून म्हणाले, "एवढी लाकडाची घरं आमच्याकडे कुणी बांधली नाही. आमचं घर कुडाचं." दुसरा त्यांनी बराच वेळ धरून ठेवला. मग पेट्यांवर बोट ठेवून विचारलं, "ह्यात काय आहे?" मला सांगता आलं नाही.

उत्तर रात्री मिळालं, रेंज आल्यावर. फोटोवरून फोटो शोधायला दोन मिनिटं लागली. ती दोन मिनिटं मी धुळ्यात दिली असती तर हा सगळा खटाटोप टळला असता. पहिला फोटो चिलीतल्या सेवेलचा. अँडीज पर्वतात दोन हजार मीटरच्या वर, ब्रेडन कॉपर कंपनीनं १९०५ पासून वसवलेलं गाव. उतार इतका उभा की गाडीरस्ताच नाही, सगळं गाव पायऱ्यांवर. घर कंपनीचं, दवाखाना कंपनीचा, दारूबंदीही कंपनीची. भरात असताना १५,००० लोक राहत. १९४५ मध्ये खाणीत धूर कोंडून ३५५ कामगार गेले. आज तिथं वस्ती नाही, आणि २००६ पासून तो जागतिक वारसा आहे.

दुसरा फोटो अमेरिकेतल्या मिशिगनमधल्या कॅल्युमेटचा, तोही तांब्याच्याच खाणींचा मुलूख. १९१३ च्या संपात, २४ डिसेंबरच्या संध्याकाळी संपकऱ्यांच्या मुलांसाठी नाताळचा कार्यक्रम होता. कुणीतरी 'आग' म्हणून ओरडलं. आग नव्हती. जिन्यात चेंगरून ७३ जीव गेले, त्यांत ५९ मुलं. हा त्यांच्या अंत्ययात्रेचा फोटो. पायाखाली जे मी चुन्याची फक्की समजत होतो ते बर्फ आहे. साल तेवढं खरं होतं, गाव आणि अपघात दोन्ही बदलले होते.

जीपवाल्याचा राग दोन दिवसांत गेला. ह्याचा जात नाही. कुणाच्या तरी मुलांची अंत्ययात्रा उचलून तिच्यावर आपल्या गावाचं नाव चिकटवायचं, आणि आपण ती अभिमानानं पुढं पाठवायची!

तेव्हा असा फोटो आला तर निघण्याआधी तो कुठल्या संग्रहातला आहे ते विचारा. पाठवणाऱ्याला सांगता आलं नाही तर पिशवी भरू नका. मग छपरं बघा, झाडं बघा, माणसांच्या अंगावरचे कपडे बघा. सातपुड्यात कोट घालून रांगेत उभे असलेले खाणकामगार कुठून येतील? मला हे फोटो ज्या तिघांनी पाठवले त्यांना खरी नावं आणि सालं लिहून पाठवलीत. एकानं पुढं पाठवलं, दोघांनी अजून वाचलेलं नाही.

त्या बाबांना मात्र पेट्यांत काय आहे ते सांगायचं राहिलंय. पाऊस लागायच्या आत एसटीनं जाऊन येईन.