ऑटो रिझॉल्व्ह आणि पालखेडची लढाई

स्ट्रॅटेजी गेममध्ये लढाई स्वतः न लढता ‘ऑटो रिझॉल्व्ह’चे बटण दाबणारा खेळाडू कच्चा, असे आमच्या वैजापूरच्या मित्रमंडळींत सर्रास मानले जाते. मला हे मत मान्य नाही. टोटल वॉर मालिकेतील एक मोठी लढाई हाताने लढायला अर्धा-पाऊण तास सहज जातो, साध्या लॅपटॉपवर हजारो सैनिक एकदम हलू लागले की चित्र अडखळू लागते, आणि पराभव ठरलेल्या उरल्यासुरल्या तुकडीचा पाठलाग करण्यात कौशल्याचा प्रश्नच नसतो. अशा वेळी निकाल संगणकावर सोपवणे योग्यच आहे. तो निकाल काढताना संगणक काय मोजतो आणि काय मोजत नाही, हा मात्र मला फार महत्त्वाचा प्रश्न वाटतो.

लढाईचे गणित मांडण्याचा एक प्रसिद्ध प्रयत्न फ्रेडरिक लँचेस्टर या इंग्रज अभियंत्याने पहिल्या महायुद्धाच्या काळात केला. त्याच्या वर्गनियमानुसार, दुरून मारा करणाऱ्या दोन तुल्यगुण सैन्यांचे खरे बळ संख्येच्या वर्गाच्या प्रमाणात असते. म्हणजे १०० जण ७० जणांशी शेवटपर्यंत लढले, तर सत्तर जण संपतात तेव्हा शंभरांपैकी फक्त ३० उरतील असे आपल्याला वाटते. प्रत्यक्षात १०,००० मधून ४,९०० वजा करून वर्गमूळ काढले की सुमारे ७१ उरतात. सूत्र सुंदर आहे, पण दोन्ही सैन्ये समोरासमोर उभी राहून एकमेकांवर मारा करत राहतील, हे त्यात गृहीत धरलेले आहे. समोर उभे राहायचेच नाही, असे ठरवलेल्या सेनापतीसाठी त्यात जागा नाही.

आणि आमच्या तालुक्यातल्या पालखेडला नेमके तेच घडले. निजामाजवळ जबरदस्त तोफखाना होता. बाजीरावाने त्याच्याशी थेट सामना टाळला, जालन्याचा मुलूख लुटला, खानदेशातून गुजरातेकडे झेप घेतली, आणि निजाम पुण्याच्या रोखाने गेलेला असताना स्वतः औरंगाबादच्या दिशेने वळला. राजधानी वाचवण्यासाठी निजाम घाईने माघारी फिरला आणि त्या घाईत त्याचा अवजड तोफखाना मागे राहिला. फेब्रुवारी १७२८ मध्ये पालखेडजवळ मराठ्यांनी त्याची रसद आणि पाणी तोडले. मार्चमध्ये मुंगी-शेवगावचा तह झाला. दोन्ही सैन्यांच्या बळाचा पट्टा पडद्यावर दाखवून निकाल काढायचा असता, तर तोफांच्या जोरावर निजामाचे पारडे जड दिसले असते.

म्हणूनच २००९ साली आलेल्या एम्पायर : टोटल वॉरमध्ये मराठ्यांच्या बाजूने खेळता येते याचा मला मनापासून आनंद आहे, आणि तरीही त्यातले काहीतरी सतत खटकते. मोकळ्या मैदानावर तळ दिलेल्या सैन्याचे पाणी त्या खेळात तोडता येत नाही. मालिकेच्या आधीच्या भागांतही, घोड्यावरून बाण मारणारी हलकी तुकडी हाताने खेळवली तर चिलखती पायदळाला पळवून पळवून थकवते आणि स्वतः जवळजवळ शाबूत राहते. तीच लढाई ऑटो रिझॉल्व्हला दिली की त्या तुकडीचे भारी नुकसान होते. मग खेळाडू हळूहळू बटणाला मानवणारे सैन्य उभारू लागतो, म्हणजे जड पायदळाचा भरणा करतो आणि चपळ स्वार कमी करतो. ज्या युद्धपद्धतीने या भागाचा इतिहास घडवला तीच पद्धत हिशेबात तोट्याची ठरावी, याचे मला खरोखर वाईट वाटते.

युरोपा युनिव्हर्सालिस ४ या दुसऱ्या स्ट्रॅटेजी गेममध्ये हाताने लढण्याची सोयच नाही, तरी तिथे मला ही खंत जाणवत नाही. लढाईच्या दर टप्प्याला ० ते ९ मधला फासा पडतो, सेनापतीचे गुण त्यात मिळवले जातात, नदी ओलांडून हल्ला केला तर एक अंक वजा होतो, डोंगरात केला तर दोन. हे सगळे खेळाडूला पडद्यावर पाहता येते. प्रदेशाच्या ऐपतीपेक्षा जास्त सैन्य तिथे नेले तर लढाईविना माणसे मरतात. त्यामुळे सारे कसब लढाईच्या आधीच्या कूचात येते : शत्रूला कुठे गाठायचे, नदीच्या कोणत्या काठावर थांबायचे, कधी मागे हटायचे. पालखेडची मोहीम अशा हिशेबात पूर्ण नाही, पण बरीचशी बसते.

डॉमिनियन्स या मालिकेने आणखी वेगळी वाट काढली आहे. तिथे लढाई संगणकच लढतो, मात्र कोणत्या तुकडीने कुठे उभे राहायचे, कोणी आधी थांबून मग हल्ला करायचा, कोणी शत्रूच्या पिछाडीवर जायचे, हे हुकूम खेळाडू आधी देऊन ठेवतो आणि नंतर सारी लढाई पाहू शकतो. टोटल वॉरच्या त्या बटणाआधी असे दोन-तीन हुकूम देण्याची सोय मिळाली, आणि त्यात ‘तोफांच्या टप्प्याबाहेर राहा, रसद तोडा’ हा एक असला, तर मराठ्यांच्या स्वाऱ्यांमधील बहुतेक लढाया मी निःशंकपणे संगणकावर सोपवीन.