तो पांढरा डबा कशाला लावलाय?

तुम्ही विचारलंत म्हणून. चवथीला आलेले पाहुणे विचारतात, शेजारची मावशी विचारते, ऑफिसातले विचारतात, की राउटरपाशी तो छोटा पांढरा डबा कसला आणि त्यातून तुला मिळतं काय. दरवेळी काहीतरी सांगून वेळ मारून नेतो, आज नीट सांगतो.

तो राइप अ‍ॅटलस या इंटरनेट मोजणाऱ्या जाळ्याचा प्रोब, म्हणजे मोजणी करणारं छोटं यंत्र. अ‍ॅम्स्टरडॅमची राइप एनसीसी ही ना-नफा संस्था २०१० पासून हे चालवते, जगभर असे हजारो प्रोब लोकांनी आपापल्या घरात लावलेत, त्यातला एक आमचा डिचोलीतला. तो दिवसभर पिंग आणि ट्रेसराउट करतो, म्हणजे अमुक सर्व्हरपर्यंत पोचायला किती मिलिसेकंद लागले, वाटेत कुठले राउटर लागले, ते लिहून ठेवतो आणि ती नोंद कुणालाही बघता येते. तुमचं व्हॉट्सअ‍ॅप, बँक, यातलं काही तो बघत नाही, फक्त स्वतः पाठवलेली पॅकेटं, म्हणजे डेटाचे छोटे तुकडे, मोजतो. हां, आपलं कनेक्शन कुठल्या नेटवर्कातलं आहे ते जगाला दिसतं आणि नकाशावर घराच्या आसपास ठिपका येतो, हे मी लावताना घरच्यांना सांगितलं नव्हतं. सांगायला हवं होतं.

मिळतं काय, तर दिवसाला २१,६०० क्रेडिट. पैसे नव्हेत, त्यावर दुसऱ्यांच्या प्रोबवरून आपल्याला मोजणी करता येते. आणि हे कशाला हवं? २४ फेब्रुवारी २००८ ला पाकिस्तान टेलिकॉम देशापुरतं यूट्यूब बंद करायला गेलं आणि यूट्यूबकडे जायचा रस्ता आमच्याकडून आहे असं सगळ्या जगाला कळवून बसलं, जगाने ते मानलं, दोनेक तास यूट्यूब गायब. रूटिंग, म्हणजे डेटाने कुठल्या रस्त्याने जायचं ते ठरणं, असंच चालतं, शेजारचं नेटवर्क सांगेल ते बरंचसं विश्वासावर धरायचं. त्या दिवशी काय झालं ते मिनिटामिनिटाने सांगता आलं, कारण ओरेगॉन विद्यापीठाचं राउट व्ह्यूज आणि राइपचं आरआयएस हे प्रकल्प कुठल्या नेटवर्काने कधी कुठला रस्ता कळवला याच्या नोंदी आधीपासून उघड्यावर ठेवत होते.

हे सगळं मी आईलाही सांगायचो.

मागच्या पावसात बाबा अंथरुणाला खिळलेले, डॉक्टरांनी घरी न्या म्हणून सांगितलेलं. दादा इंग्लंडात, स्विंडनला, तिकीट मिळालं ते चार दिवसांनंतरचं. संध्याकाळी तो व्हिडिओ कॉल लावायचा, बाबांचा चेहरा चौकोन चौकोन व्हायचा आणि अडकायचा. आई म्हणाली, तुझा डबाच नेट खातो, काढ तो. मी वाद घातला, बाबांच्या उशाशी उभा राहून, की आई हा सेकंदाला मोजके किलोबिट घेतो, याने काही होत नाही. ती म्हणाली, बापापेक्षा मशीन मोठं काय रे तुला? मी केबल उपटली. कॉल तसाच तुटत राहिला.

दुसऱ्या दिवशी नेटवाल्याला फोन केला, तर म्हणे तुमचा वायफाय वीक आहे. तसं नव्हतं. आदल्या संध्याकाळपर्यंतच्या नोंदीत पहिला हॉप, म्हणजे वाटेतला पहिला थांबा, आमचाच राउटर, मिलिसेकंदभरात उत्तर देत होता आणि दुसऱ्या हॉपपासून, म्हणजे नेटवाल्याच्या बाजूला, पॅकेटं गळत होती. त्याला ते सांगितलं. "ते कालचं, आजचं दाखवा." आजचं माझ्याकडे नव्हतं. तिसऱ्या रात्री बाबा गेले. दादाला शेवटचे दिसले ते अडकलेल्या स्क्रीनवर, हात अर्धा वर उचललेला. त्या दिवसांचा ग्राफ उघडला की मधे कोरी पट्टी दिसते.

डबा लावलेला असता तर कॉल नीट लागला असता का? नसता. मोजल्याने तार दुरुस्त होत नाही. पुरावा दिला की नेटवाले ऐकतात, असं मी तेव्हा छातीठोकपणे सांगायचो, आता तसं सांगवत नाही. पण मग केबल का काढलीस, असंही मीच मला विचारतो, आणि आईचं चुकलं असं म्हणायला जीभ रेटत नाही. तिला त्या रात्री काहीतरी करून बघायचं होतं आणि घरात उपटण्यासारखं तेवढंच होतं.

बारावं झाल्यावर परत लावला. चालूच होईना, आतली यूएसबी स्टिक बिघडलेली. ती काढून नुसता डबा दहा मिनिटं चालू ठेवला, मग स्टिक परत घातली, तेव्हा आला. आई दारात उभी राहून बघत होती, काही बोलली नाही.

आता नेट अडकलं की दादा मला वेगळा मेसेज करतो, डबा काय म्हणतो. आईसमोर विचारत नाही.