हात शाबूत होता तरी

कसारा घाटातल्या अपघातातून मी जवळजवळ धडधाकट बाहेर आले. उजव्या हाताला टाके पडले, तेवढेच. पुढच्या सीटवरच्या दोघी गेल्या. नाशिकला परतल्यावर जो तो म्हणायचा, "देवाची कृपा!" इकडे ट्रकचा हॉर्न ऐकला की मला दरदरून घाम फुटायचा. समुपदेशक ताईंपुढे तोंडातून शब्द निघेना. शेवटी त्याच म्हणाल्या, "चित्रं काढायचीस ना शाळेत?"

आमच्याकडे चित्र म्हणजे गोदाघाट, देवळं, पाण्यातली प्रतिबिंबं, तीही जलरंगात. मीही तेच काढलं. सुबक आलं, पण आत काही हललं नाही. मग ताईंनी किर्शनर या जर्मन चित्रकाराचं एक चित्र दाखवलं. १९०५ मध्ये ड्रेस्डेनला 'डी ब्रुके' हा चित्रकारांचा गट सुरू करणाऱ्यांपैकी हा एक. पहिल्या महायुद्धात सैन्यात गेला, मनाने कोलमडला आणि १९१५ मध्ये त्याने स्वतःला गणवेशात रंगवलं, एक हात मनगटापासून तुटलेला. प्रत्यक्षात हात शाबूत होता! मी बराच वेळ त्या चित्राकडेच बघत बसले.

तैलरंग आणले, तर टर्पेंटाइनच्या वासाने डिझेल आठवायचं. बाटली देऊन टाकली, पाण्यात मिसळणारे ॲक्रिलिक रंग घेतले. ते पटकन वाळतात, नको झालेल्या रंगावर लगेच दुसरा थर देता येतो. हार्डवेअरच्या दुकानातला रुंद ब्रश, खाली रद्दी अंथरलेली. माझाच हात काढला: हिरवट, खांद्याहून मोठा, टाके काळेकुट्ट. वर लाल ओढला. तो ओला असतानाच पुसायला गेले, तर गुलाबी चिखल झाला. तसाच ठेवला. अपघातानंतर पहिल्यांदा हमसून रडले ती त्या दिवशी.

आई म्हणाली, "अगं, बरा झालाय की हात! हे असलं कशाला?"

चित्रं काढून माणूस बरा होतो असं कुणी म्हटलं की मला राग येतो. नॉर्वेचा चित्रकार मुंक, त्याने बहिणीच्या मृत्यूतून आलेलं 'आजारी मूल' १८८५-८६ मध्ये रंगवलं आणि पुढे जवळपास चाळीस वर्षं तो पुन्हा पुन्हा तेच रंगवत राहिला. मोकळा झाला असता तर कशाला रंगवलं असतं? माझीही औषधं चालू होती. फक्त ताईंपुढे कागद ठेवला की बोलायला टोक सापडायचं. "हा काळा कसला गं?" एवढ्यावर तास निघून जायचा.

मुंबईला आता जाते, पंचवटी एक्स्प्रेसने. घाटरस्त्याने अजून जमत नाही, घाईही नाही. मध्ये आईने काळारामाचं देऊळ मागितलं. काढलं. जांभळं आलं. तिने ते आतल्या खोलीत लावलंय.