तुम्ही विचारलंत म्हणून: खेचर की डायनोसॉर?

डायनोसॉर. झालं समाधान?

नाही होत, माहीत आहे मला. मी लिस्बनला राहतो आणि आलेल्या पाहुण्यांना राजवाडे सोडून काबू एश्पिशेलच्या, समुद्रात घुसलेल्या टोकाच्या कड्यावर नेतो, हे कळलं की प्रश्न ठरलेला: "पण खरं सांग, तुला स्वतःला तिथल्या दगडातली ती पावलं कोणाची वाटतात?" विचारणाऱ्यांपैकी निम्म्यांना वाटतं मी तिकडे जाऊन भाविक झालो. उरलेल्यांना वाटतं माझ्यात काही ओलच उरली नाही. एकदाच लिहून टाकतो, म्हणजे पुढच्या वेळी जेवताना हा विषय नको.

कड्याच्या टोकावर घुमटीएवढं एक देऊळ आहे, एर्मिदा दा मेमोरिया. आत अठराव्या शतकातल्या निळ्या-पांढऱ्या फरशांवर गोष्ट रंगवली आहे: मेरी माउली खेचरीवर बसून समुद्रातून आली आणि खेचरी थेट कडा चढून वर गेली. लागोश्तेइरोशच्या खाडीवरच्या चुनखडीत तिच्या पावलांची रांग दिसते, म्हणून त्या दगडाचं नावच पेद्रा दा मुआ, खेचरीचा दगड. ठसे आहेत सुमारे 15 कोटी वर्षांपूर्वीच्या सॉरोपॉडांचे, म्हणजे लांब मानेच्या, चार पायांवर चालणाऱ्या डायनोसॉरांचे. आपल्या सह्याद्रीचा काळा दगड साडेसहा कोटींच्या आसपासचा. तेव्हा तो नव्हताच. 1997 पासून ही जागा नैसर्गिक स्मारक म्हणून राखीव आहे.

आणि कडा कोणीच चढलं नव्हतं. किनाऱ्यालगत चुन्याचा सपाट चिखल होता, त्यावरून जनावरं चालत गेली, वर गाळ साचला, त्याचा दगड झाला. पुढे कधीतरी आराबिदाचा डोंगर उचलला गेला तेव्हा हे थर तिरपे झाले. गावकऱ्यांनी पाहिलं ते अगदी बरोबर पाहिलं, ठसे पाण्याकडून वर जातात. फक्त आधी चाल की आधी चढ, एवढंच उलटं धरलं. मला तर त्यांचं कौतुक वाटतं. आमच्या राजापूरच्या सड्यावर काही नवल दिसलं की ते पांडवांच्या नावावर जातं, तसंच हे.

हे सगळं मला पाठ होतं. दिसत मात्र काही नव्हतं. पहिल्या दोन खेपांना मी समोरच्या कड्यावर उभा राहून "वा, वा" म्हणालो ते निव्वळ खोटं. मला तिथे पावसाने खाल्लेला दगड आणि त्यातले खड्डे दिसत होते.

मग आई आली. एप्रिल होता, पण त्या टोकावरचा वारा एप्रिल-बिप्रिल जाणत नाही. तिने शाल डोक्यावरून घेऊन हनुवटीखाली मुठीत धरलेली. ऑफिसातले दोघे मित्र गाडी घेऊन बरोबर आले होते. देवळातल्या फरशा तिने एकेक करून पाहिल्या, हात जोडले, मग आम्ही खाडीच्या अलीकडे जाऊन उभे राहिलो. ऊन तिरपं झालं होतं. मी छापून आणलेला कागद वाऱ्यात फडफडत होता, तो दोन्ही हातांनी धरून मी सात लहान सॉरोपॉड शेजारी शेजारी एकाच दिशेने कसे गेले, 1994 साली अभ्यासकांनी त्यावरून कळप कसा ओळखला, हे वाचत होतो. आईने शालीतून बोट बाहेर काढलं. "ती बघ. तिथून खालून आली. अशी अशी वर."

मी बोटाच्या रेषेत पाहिलं. खरंच होती. एका मागोमाग एक, सावलीने भरलेल्या वाट्या.

"एवढं चढून आल्यावर तिला पाणी दिलं का रे कोणी?"

मी ते मित्रांना पोर्तुगीजमध्ये सांगितलं. नुसतं सांगितलं असतं तर हे लिहीत बसलो नसतो. मी ते लहान मुलीच्या आवाजात सांगितलं. ते हसले. मी हसलो. आम्ही हसतोय हे पाहून आईही हसली, शाल तोंडावर धरून.

गाडीत मागच्या सीटवर तिने विचारलं, "कशाला हसलात रे?"

"काही नाही गं, असंच."

आता तुम्ही म्हणाल, एवढं काय त्यात. आईने मनावरसुद्धा घेतलं नसेल. तेव्हाचा मी तर अजून वाद घालतो: प्रश्नच चुकीचा होता, खेचरी नव्हतीच, मग पाणी कसलं? बरोबर आहे त्याचं. पण ज्याला खेचरी नव्हती हे ठाऊक होतं त्याला ठसे दिसले नाहीत, आणि जी खेचरी शोधत होती तिला दिसले, याचं काय करायचं ते त्यालाही सांगता येत नाही आणि मलाही. शिवाय पाण्याचं नंतर कळलं. त्या टोकावर पाण्याची टंचाईच होती. यात्रेकरूंसाठी अठराव्या शतकात आझोया गावाकडून पन्हळ बांधून पाणी आणावं लागलं. त्याची पाणी-कोठी अजून उभी आहे. तिच्यासमोर आम्ही गाडी लावली होती.

हल्ली मी लोकांना आधी फरशा दाखवतो, मग दगड. एक मित्र म्हणतो, तू अंधश्रद्धा पसरवतोस. असेल. 15 कोटीही सांगतो, पण दगडात पावलं दिसल्यावर.

यंदा गणपतीला घरी गेलो तर धाकट्या मामाने ओटीवरून तेच विचारलं. मी म्हणालो, डायनोसॉर. आई आत मोदकांच्या कळ्या पाडत होती, तिने मान वर केली नाही. आम्ही का हसलो होतो, ते मी तिला अजून सांगितलेलं नाही.