आमची वाटचाल : रांग मोडली तेव्हापासून

कोल्हापुरात पोरगं चेंडूला लाथ मारायला गल्लीतच शिकतं. आपल्या पेठेचा संघ कोणता हे त्याला शाळेत जायच्या आधीच ठाऊक असतं. त्यामुळं मी व्यावसायिक फुटबॉल थांबवून ही अकादमी काढली, तेव्हा आवड लावण्याचा प्रश्नच नव्हता. कमी होती ती वयाला धरून घेतलेल्या सरावाची. खेळाडूच्या पायाला येतं ते तोंडानं सांगता येईलच असं नाही, म्हणून आधी अखिल भारतीय फुटबॉल महासंघाचं प्रशिक्षकाचं डी लायसन्स केलं, मग सी.

पहिल्या वर्षी एका प्रशिक्षकाकडं 30 मुलं होती. शॉटच्या सरावाला दहा-दहांच्या रांगा. एका मुलाला 15 सेकंद धरले, तर अडीच मिनिटांनी पुन्हा पाळी येते. 20 मिनिटांत जेमतेम आठ शॉट. उरलेला वेळ नुसतं उभं राहणं. आता एका प्रशिक्षकाकडं 12 मुलं आणि प्रत्येकाच्या पायाशी स्वतंत्र चेंडू. त्यापायी फी वाढवावी लागली, काही पालकांनी मुलं काढली. तरीही तो निर्णय योग्यच होता.

सराव 75 मिनिटांचा. मैदानाला फेऱ्या मारायला लावत नाही. वॉर्म-अपला फिफा 11+ किड्स या मुलांच्या दुखापती टाळण्यासाठीच्या व्यायामसंचातले एका पायावर तोल सांभाळण्याचे आणि नीट पडायला शिकवणारे व्यायाम घेतो. मग 8 बाय 8 मीटरचा चौकोन, चौघं कडेला एकमेकांना पास देतात, मधला एक चेंडू हिसकावायला बघतो. इथं हमखास होणारी चूक म्हणजे मुलगा पास देणाऱ्याकडं छाती करून सरळ उभा राहतो आणि चेंडू जवळच्या पायानं अडवतो. मग वळायला जागा उरत नाही, मधला पोरगा अंगावर येतो. अंग तिरकं ठेवून, चेंडू येण्याआधी एकदा खांद्यावरून मागं पाहून, लांबच्या पायानं चेंडू घेतला की पुढचा पास आपोआप दिसतो. शेवटची 30 मिनिटं 30 बाय 20 मीटरवर चार विरुद्ध चार. त्या वेळी प्रशिक्षकानं फार बोलायचं नाही.

चेंडू आठ वर्षांखालच्यांना 3 नंबरचा, 12 पर्यंत 4 नंबरचा, पुढं 5. लहानांना 5 नंबर दिला की पायाचा वरचा भाग वापरायला ती घाबरतात, बोटानं ढोसतात. हवा भरताना सुई ओली करूनच घालायची; कोरडी सुई व्हॉल्व्हचं रबर फाडते आणि चेंडू रोज बसतो. मुरमाड जमिनीवर चेंडूचं वरचं आवरण घासतं, पावसात तो पाणी पितो आणि जड होतो. असे चेंडू हेडरला कधीच वापरत नाही.

बुटांबाबत पालकांना कळकळीची विनंती असते : वाढत्या अंगाचा बूट घेऊ नका. एक नंबर मोठ्या बुटात पाय पुढं सरकतो, अंगठ्याचं नख काळं पडतं आणि घोटा घट्ट धरून किक बसत नाही. अंगठ्यापुढं साधारण एक सेंटीमीटर जागा पुरे. उन्हाळ्यात जमीन दगडासारखी होते, तेव्हा तळाला लांब स्टड (खुंट्या) असलेल्या बुटांऐवजी बारीक गुठळ्यांचे टर्फ शूज बरे.

दहा ते पंधरा वयात गुडघ्याच्या वाटीखालचं हाड दुखतं, त्याआधी कित्येकांची टाच. वाढत्या हाडाच्या टोकाला स्नायू ओढ देतो, त्याचं हे दुखणं. ‘चोळून खेळ’ असं आम्ही कधी सांगत नाही. उड्या आणि धावणं कमी करतो, दुखणं राहिलं तर डॉक्टरांकडं पाठवतो. पेठेतल्या तालमीच्या संघाकडून, शाळेकडून आणि आमच्याकडं अशा तिन्ही ठिकाणी खेळणाऱ्या मुलांना हे जास्त होतं; म्हणून प्रवेश देतानाच आठवड्याचं पूर्ण वेळापत्रक लिहून घेतो.

खर्चात सगळ्यात मोठा वाटा मैदानाच्या भाड्याचा. पावसाळ्यात मातीचं मैदान बंद पडतं, टर्फचा (कृत्रिम गवताच्या मैदानाचा) तास महाग पडतो. म्हणून जून ते सप्टेंबर आठवड्यातले सरावाचे दिवस तीनावरून दोन केलेत, आणि बुडालेला सराव दिवाळीनंतर भरून देतो.